भिंतीबाई, कुणाला तरी सांगा

"भिंतीबाई, कुणाला तरी सांगा, मी आज दुपारच्या ट्रकनं चालले. परत यायची नाही."

एवढं बोलून तिनं कान फळीच्या भिंतीला लावला आणि श्वास रोखून धरला. गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं होतं, खोलीची किल्ली खिळ्याला अडकवून झाली होती, आता फक्त पलीकडून येणारा एक शब्द तेवढा घ्यायचा राहिला होता. पलीकडे तिची धाकटी बहीण होती. असणारच, सकाळच्या या वेळी ती स्टोव्हपुढे बसलेली असते, हे जगात कुणाला नाही तर हिला ठाऊक. तिनं मनात दहापर्यंत आकडे मोजले, मग वीसपर्यंत, मग आकड्यांचा हिशेब सुटला तरी ती मोजतच राहिली... भिंत गप्प होती.

या दोघी बहिणींचा अबोला एकोणीस वर्षांचा झाला होता. माणूस असता तर एव्हाना त्याला मिशा फुटून त्यानं लग्नाचा हट्ट धरला असता. पण शेजारी राहायचं, एका नळावर पाणी भरायचं, एका शेडमध्ये राबायचं, म्हणजे काही ना काही बोलावं तर लागतंच. म्हणून दोघींच्या खोल्यांमधली ती फळीची भिंत मध्यस्थ झाली. फळी इतकी पातळ, की अलीकडे कुणी शिंकलं तर पलीकडची माणसं नाक पुसत. इकडून आवाज जायचा, "भिंतीबाई, कुणाचं तरी धुणं दोरीवरून पडलंय." तिकडून उत्तर यायचं, "भिंतीबाई, सांगा, आम्हाला डोळे आहेत." कधी इकडून, "कुणाची तरी पोर तापानं फणफणलीय, गोळी आणून खिडकीत ठेवलीय." मग बराच वेळ काही नाही, आणि शेवटी तिकडून घोगऱ्या स्वरात, "भिंतीबाई, ताप उतरला म्हणावं." त्या चाळीत भिंतीबाईइतकी प्रामाणिक बाई दुसरी नव्हती. ऐकलेलं तसंच पोचवायची, पदरचं एक अक्षर घालायची नाही.

पण गेली दोन वर्षं भिंतीबाईचीही वाचा गेली होती.

शेडमध्ये तिला 'हातखाई' म्हणत. आपण मात्र तिला ताईच म्हणू, कारण तेवढ्या एका हाकेसाठी तिचा जीव तडफडत होता. तिला ताई म्हणणारं माणूस या जगात एकच उरलं होतं. मेहुणा 'अहो, ऐकलंत का'वर निभावून न्यायचा. आज दुपारी चामड्याचा माल घेऊन ट्रक दुसऱ्या गावच्या शेडकडे निघणार होता. तिकडे डावे हातमोजे शिवणारी बाई हवी होती आणि मुकादमानं हिचं नाव सांगितलं होतं. जाण्याआधी ताईला ना क्षमा हवी होती ना निरोप. धाकटीच्या तोंडून एकदा, एकदाच, 'ताई' एवढं ऐकायचं होतं. तेही नाही मिळालं. तिनं गाठोडं उचललं, भिंतीवरून एकवार हात फिरवला आणि शेवटच्या पाळीला निघाली.

आता ही शेड कशी ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

वेल्डर लोक घालतात ना, कोपरापर्यंत येणारे चामड्याचे जाड हातमोजे, ते तिथं व्हायचे. शेडच्या मधोमध कटिंग प्रेस. चामडं पसरायचं, त्यावर पंजाच्या आकाराचा लोखंडी साचा ठेवायचा, खटका दाबला की वरून दगडासारखा ठोकळा धप्पकन येणार आणि खाली पंजा कापून तयार. प्रेसच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी. दर वेळी ती खाली ओढायची, तेव्हाच ठोकळा पडायचा. जाळी वर गेली की मगच हात आत घालायचा. शिवणारे दोन बाकांवर बसत, पाठीला पाठ लावून. एका बाकावर डावे मोजे, दुसऱ्यावर उजवे. एकाच बाईला दोन्ही शिवायला दिले तर अंगठे चुकतात, म्हणून ही वाटणी. डाव्या बाकाचं तोंड भिंतीकडे, उजव्या बाकाचं तोंड प्रेसकडे. ताई जन्माची डावखुरी, म्हणून ती डाव्या बाकावर. धाकटी उजव्या बाकावर. बावीस वर्षांपूर्वी आई गेल्यावर दोघी एकाच चादरीत संसार बांधून या गावी आल्या, आणि तेव्हापासून एकीचा डावा आणि दुसरीचा उजवा मिळून एक जोड होत होती. जगातल्या न जाणो किती माणसांनी या न बोलणाऱ्या बहिणींना एकाच वेळी दोन हातांत घातलं असेल!

आणि आवाज म्हणजे काय आवाज. मशिनींची घरघर, पंख्यांचा खडखडाट आणि त्यावर मिनिटामिनिटाला प्रेसचा धप्प. तिथं कुणी घसा फोडून ओरडलं तरी शेजारणीला जांभई दिल्यासारखं दिसायचं. म्हणून सगळा कारभार खुणांवर. ओठांवरून दोन बोटं फिरवली की 'मुकादम आला', त्याच्या मिशांवरून. गळ्याला हात लावला की पाणी. आणि तळहाताला तळहात भिडवला की 'जोड पुरी झाली'. अशा जागी कुणाला ऐकू येतंय आणि कुणाला नाही, हे कुणाच्या बापाला कळणार?

ताईला तर मुळीच कळलं नव्हतं. तिला आपलं वाटायचं, जगच आताशा हळू बोलायला लागलंय. दुकानदार ओठातल्या ओठात पुटपुटतो. पाखरं कुठं गेली कोण जाणे. शिट्टी वाजणारी किटली बिघडली म्हणून तिनं नवी आणली, तीही मुकी निघाली. तिसरी आणली, तीही तसलीच. आताच्या मालात दम राहिला नाही, असं म्हणून तिनं तो विषय संपवला. मुकादमाचा घागरीतून आल्यासारखा आवाज तेवढा तिला ऐकू यायचा, आणि प्रेसचा धप्प. पण तो कानापेक्षा बाकातून, पाठीच्या कण्यातून यायचा.

एकोणीस वर्षांपूर्वीचा तो दिवसही तिच्या कण्यातच जाऊन बसला होता.

तेव्हा प्रेसवर धाकटीचा नवरा असायचा. उंचापुरा, थट्टेखोर, चामडं असं कापायचा की तुकड्यातून तुकडा वाया जायचा नाही. धाकटीला सातवा महिना. बाळ यायच्या आधी जमेल तेवढे नग शिवून ठेवावेत म्हणून ती घाई करायची, पण कापलेले पंजेच वेळेवर मिळेनात. दर वेळी जाळी ओढा, सोडा, पुन्हा ओढा. त्या सकाळी नवरा पाणी प्यायला गेला, तेवढ्यात धाकटी उठली. तिनं चामड्याच्या पट्टीनं जाळी वर बांधून टाकली आणि खटक्याच्या खाचेत तुकडा कोंबला. असं केलं की प्रेस जाळीवाचून धावते. शेजारच्या शेडमध्ये सगळेच करतात, त्यात काय, असं तिला वाटलं असणार... ताईनं ते जाताना ओझरतं पाहिलं होतं. ओरडायला हवं होतं. पण पोटुशी बहीण, चार नग जास्त निघतील, दुपारी सोडवू, असं म्हणून ती आपल्या बाकावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

प्रेसचा ताल बदलला. धप्प आणि धप्प यांच्यामधलं अंतर निम्म्यावर आलं. ताईच्या पाठीला ते कळलं. पण तिनं वळून पाहिलं नाही. आणि मग एका धप्पनंतर पुढचा आलाच नाही...

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

कागदावर त्या शेडमध्ये चारच माणसं कामाला होती. बाकीची तुम्ही म्हणाल ती, पण कामगार नव्हेत. म्हणून दवाखान्यात सांगायला लावलं, की घरी दारात हात सापडला. मग मुकादमानं सगळ्यांना उभं करून विचारलं, जाळी कुणी बांधली. ज्यानं बांधली तो आपल्या बिऱ्हाडासकट आत्ता, या घडीला, फाटकाबाहेर. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक, दोन्ही हात पोटावर. ताईनं एका क्षणात सगळं जोखलं. हिनं तोंड उघडलं तर नवऱ्याचा हात, उपचार, खोली, येणारं बाळ, सगळं रस्त्यावर येणार. आणि त्याहून वाईट म्हणजे हा माणूस जन्मभर आपल्या बायकोकडे पाहील आणि त्याला आपली बोटं आठवतील. आपण एकटीच. आपल्यासारखे डावे अंगठे शिवणारी बाई मुकादमाला मिळायची नाही, आपल्याला तो हाकलणार नाही.

"मी," ताई म्हणाली.

आणि मग, धाकटीच्या मनावरही ओझं नको म्हणून, तिनं खोट्याला अस्तर लावलं. सगळ्यांदेखत सांगितलं, की आधी कुणीतरी बांधलेली जाळी मी सोडवली होती. नंतर दहाच्या सुमाराला पुन्हा मीच बांधली. म्हणजे धाकटीला वाटावं, आपली गाठ केव्हाच सुटली होती, पाप दुसरीचं. किती विचारपूर्वक शिवलेलं खोटं! टाका कुठे दिसू नये असं.

त्या दिवसापासून धाकटी तिच्याशी बोलली नाही. ताईनं ते स्वाभाविकच मानलं. ज्या बाईनं नवऱ्याचा हात घालवला तिच्याशी कोण बोलेल? मुकादमानं तिला 'हातखाई' हे नाव दिलं, आणि नव्या आलेल्या प्रत्येकाला तो ते कारणासकट सांगू लागला. दोन वर्षं तिला शिवणकाम संपल्यावर मोजे उलटवायला लावलं. गरम लोखंडी दांड्यावर एकेक बोट चढवायचं आणि आतली बाजू बाहेर काढायची. तेव्हा ताई स्वतःशीच हसायची. मोजा उलटा शिवतात, आणि उलटा असेपर्यंत डावा मोजा उजवा दिसतो. बघणाऱ्याचा काय दोष!

तिनं सगळं सोसलं. लग्नाचं विचारायला आलेला एक भला माणूस तिचं नाव ऐकून परत गेला, तेही सोसलं. नाही सोसलं ते एकच. दोन वर्षांपूर्वी धाकटीची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणत, शेडमध्ये कामाला लागली. पायाला चाकं, तोंडाला लगाम नाही. लहानपणी ताईनंच तिला खिडकीतून गोळ्या, रबरं, लेसच्या फिती दिल्या होत्या. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मशिनी थांबल्या असताना सगळ्यांचं ऐकून भिंगरीही मोठ्यानं म्हणाली, "हातखाईबाई, जरा सरका की." ताई सरकली. तिनं डबा तसाच झाकून ठेवला. त्या संध्याकाळी ती भिंतीशी बसली. वाटलं, आज तरी धाकटी काहीतरी बोलेल, निदान रागावून. भिंत गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. तेव्हा ताईच्या अंतःकरणात काहीतरी कायमचं मिटलं. ती समजून चुकली, आता भिंतीलाही सांगण्यासारखं धाकटीकडे आपल्यासाठी काही उरलेलं नाही.

तर, शेवटची पाळी.

गाठोडं बाकाखाली सरकवून ताईनं शिवायला घेतलं. पाठीमागे धाकटी आपल्या जागी होती. दोघींच्या पाठींत वीतभर अंतर. तिकडे कोपऱ्यात मेहुणा अंगठा आणि करंगळीच्या चिमट्यात दोरी धरून जोड्यांची बंडलं बांधत होता. प्रेसवाला आठवड्यापूर्वी काम सोडून गेला होता आणि मुकादमानं, धाकटी नको नको म्हणत असताना, चपळ हाताची म्हणून भिंगरीला प्रेसवर उभं केलं होतं.

अकराच्या पुढे कधीतरी ताईचे हात थबकले. मशीन चालू, सुई वर, पाय पॅडलवर तसाच. पाठीच्या कण्यात काहीतरी खटकलं होतं. धप्प... धप्प... धप्प. ताल बदलला होता. मधलं अंतर निम्म्यावर आलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी ती वळली नव्हती. या खेपेला ती वळली.

जाळी वर बांधलेली होती. भिंगरी साच्यावर वाकलेली, एका हातानं चामडं ओढत, दुसऱ्यानं खटका शोधत, आणि तिची नजर होती शेजारच्या पोरीकडे, कसल्याशा गमतीवर हसत. ताई कशी उठली, बाक कसा ओलांडला, तिचं तिला ठाऊक नाही. तिनं पोरीला कमरेत विळखा घालून मागे खेचलं आणि दोघी चामड्याच्या ढिगावर कोसळल्या. खेचताना पोरीचा हात खटक्यावर पडला आणि ठोकळा रिकाम्या चामड्यावर आला. धप्प. खाली एक कोरा पंजा कापून तयार झाला, पाचही बोटांचा.

कुणीतरी मोठा खटका ओढला. सगळ्या मशिनी थांबल्या. कामाच्या वेळी त्या शेडमध्ये इतकी शांतता कुणी ऐकली नव्हती; टाचणी पडली असती तर सगळ्यांनी वळून पाहिलं असतं, ताई सोडून.

मुकादम आला. त्यानं बांधलेल्या जाळीकडे बोट केलं आणि घागरीतल्या आवाजात तोच जुना प्रश्न विचारला. भिंगरीच्या चेहऱ्यावरचं हसू वाळून गेलं होतं. तेच पांढरेपण, तीच भीती. ताईनं तिच्याकडे पाहिलं आणि काळ जणू मागे फिरला. हात झटकत ती उठली.

"मी," ती म्हणाली.

मुकादम हसला. म्हणाला, बघा, सवय जात नाही. आधी बाप खाल्ला, आता लेक.

तेव्हा उजव्या बाकावरून धाकटी उठली.

ताईला दिसलं ते एवढंच, की धाकटी आपल्याकडे चालत येते आहे, तिचा चेहरा वेडावाकडा झाला आहे आणि ओठ भराभर हलत आहेत. एकोणीस वर्षांचा साठलेला राग आज हिच्या तोंडून बाहेर पडणार, पडू दे. शिव्या तर शिव्या. माझ्याकडे तोंड करून तर बोलते आहे. पण त्या शिव्या बघवेनात. ताईनं डोळे मिटून घेतले... आणि ज्या शब्दांसाठी तिनं आयुष्य जाळलं होतं, ते सगळे शब्द तिच्यासमोर चार हातांवर बोलले गेले आणि तिच्यापर्यंत एकही पोचला नाही.

"खोटं बोलतेय ती," धाकटी म्हणत होती. "जाळी माझ्या पोरीनं बांधली. परवा मीच तिला बोलता बोलता सांगून बसले, की आम्ही अशी बांधायचो. आणि त्या दिवशीची मी बांधली होती. मी. हिनं नाही."

मुकादमानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

"तू सांगितलंस, तू मधे सोडवलीस, पुन्हा बांधलीस. ताई, मी प्रेसकडे तोंड करून बसते गं. तू भिंतीकडे. त्या सकाळभर मी त्या जाळीवरची नजर काढली नव्हती. तू तिकडे फिरकलीसुद्धा नव्हतीस. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

बाकांची ती मांडणी! ताईनं सगळं शिवलं होतं, पण आपण कुठे बघतो आणि ती कुठे बघते, एवढा एक टाका तिच्या ध्यानात आलाच नव्हता. आपण पाठमोऱ्या, म्हणून तीही पाठमोरी, असं ती एकोणीस वर्षं धरून चालली होती.

"बोलायला गेले तर खरं बोलावं लागलं असतं," धाकटी म्हणाली. "आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. जेवढे दिवस गेले तेवढं जड झालं. ही पोर तुला ते नाव घेऊन बोलली, त्या दिवशी मात्र राहवेना. त्या संध्याकाळी भिंतीला तोंड लावून सगळं सांगितलं तुला. सगळं. पाया पडले. तू हूं की चूं केलं नाहीस. मग रोज सांगत गेले. दोन वर्षं, रोज. म्हटलं, कधीतरी हिचं मन वळेल. आज सकाळी तू चालले म्हणालीस, तेव्हा फळीशी तोंड नेऊन रडत रडत सांगत होते, जाऊ नको. तरी नाही. ताई, एकदा माफ केलं म्हण, नाहीतर नाही केलं म्हण. पण काहीतरी म्हण."

ताई डोळे मिटून शांत उभी होती.

"ताई."

काही नाही.

"ताई गं..."

ढिगावर बसलेल्या भिंगरीला पाहता पाहता कळलं ते मोठ्यांना कळलं नव्हतं. ती हळूच ताईच्या मागे गेली आणि तिनं कापायचा लोखंडी साचा जमिनीवर आपटला. सगळी शेड दचकली. ताईच्या पापणीचा केस हलला नाही. फक्त तळपायाला काही जाणवलं तशी तिनं बोटं आवळली.

"आई," भिंगरी म्हणाली, "मावशीला ऐकू येत नाहीये."

धाकटी लेकीकडे वळली. दोन वर्षांच्या संध्याकाळी, एकेक करून, तिच्या डोळ्यांपुढून गेल्या असतील. फळीला ओठ लावून बसलेली आपण. आणि पलीकडे, त्याच फळीला कान लावून, एका शब्दासाठी ताटकळत बसलेली ती. मध्ये अर्धा इंच लाकूड. आणि बिचारी भिंतीबाई रोज निरोप पोचवत होती. घेणारीच्या दाराला आतून कडी लागली होती, तिनं तरी काय करावं?

धाकटी पुढे झाली. तिनं ताईचा डावा हात हातात घेतला, सुयांनी टोचून टोचून खडबडीत झालेला, आणि त्याच्या तळव्यावर आपला उजवा तळवा भिडवला. बोटाला बोट, अंगठ्याला अंगठा.

जोड पुरी झाली.

ताईनं डोळे उघडले. आधी हातांकडे पाहिलं, मग धाकटीच्या चेहऱ्याकडे. तिथं राग नव्हता. ओठ पुन्हा पुन्हा एकच आकार घेत होते. उघडायचे, ताणायचे, उघडायचे, ताणायचे. ताईला तो आकार ओळखायला वेळ लागला. एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता ना!

"मोठ्यानं बोल की," ती म्हणाली. "आताशा तुम्ही सगळे फार हळू बोलता."

धाकटीनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि हंबरडा फोडला. तोही ताईला ऐकू आला नाही; पण छातीवर जाणवला, आणि मग जे इतकी वर्षं थोपवून धरलं होतं ते तिच्याही डोळ्यांतून वाहू लागलं.

मेहुणा बंडलं टाकून आला होता. त्याच्याकडे बघायचं धाडस धाकटीला होईना. त्यानं आपला दोन बोटांचा पंजा थोडा वेळ निरखला. मग हळू आवाजात म्हणाला, की पाणी पिऊन परत आलो तेव्हा जाळी वर बांधलेली मला दिसली होती. गाठ कुणाची तेही ओळखलं होतं. इतकी घट्ट गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतं. "प्रेस मी थांबवली नाही. मलाही चार नग जास्तच हवे होते." आणि त्यानं त्याच चिमट्यात बायकोचा हात धरला.

म्हणजे तिघांनाही ठाऊक होतं. तिघांनी तीन कोपऱ्यांत बसून एकच ओझं एकेकट्यानं वाहिलं होतं.

मुकादमाला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं धाकटीला, भिंगरीला आणि बंडलवाल्याला फाटक दाखवलं. ताईकडे पाठ करून पुटपुटला, बहिरी बाई पाठवून मी तिकडे तोंड दाखवू कसा? मग तिलाही फाटक दाखवलं. कागदावर हे कुणी कधी आत नव्हतेच, तेव्हा बाहेर काढायलाही कागद लागला नाही. दुपारी ट्रक निघून गेला. ताईच्या जागी चामड्याचे दोन गठ्ठे जास्त बसले, असं म्हणतात.

चौघं चालत खोल्यांवर आली. वाटेत भिंगरी मावशीचं गाठोडं घेऊन मान खाली घालून चालत होती. दाराशी आल्यावर तिनं मावशीसमोर स्वतःच्या दोन्ही गालांत एकेक मारून घेतली. ताईनं तिचा हात धरला आणि कपाळावरचे केस मागे सारले. शब्दांची गरज नव्हती, आणि असती तरी उपयोग नव्हता.

मेहुण्यानं मधल्या भिंतीची एक फळी उपसली. दोन बोटांनी वेळ लागला, पण त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. त्या फटीतून इकडची किटली तिकडे गेली. तिकडे ती कर्कश शिट्टी मारून उकळली तेव्हा ताई सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत राहिली. सगळे का दचकले ते तिला कळेना. मग भिंगरीनं किटलीकडे बोट केलं. ताई हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात सगळं आलं. तीन किटल्या. पाखरं. दुकानदार. भिंत. ती हळूच खाली बसली.

"म्हणजे तू बोलत होतीस," ती धाकटीला म्हणाली.

धाकटीनं मान डोलावली.

"रोज?"

रोज.

ताईनं स्वतःच्या कानाला हात लावला. जे मागत होती ते दोन वर्षं रोज तिच्या कानाशी येऊन परत गेलं होतं... आणि आता ते या जन्मात तिला ऐकू यायचं नव्हतं. मग तिनं धाकटीला जवळ ओढलं, तिच्या गळ्यावर आपली बोटं ठेवली आणि म्हणाली, "म्हण बघू."

धाकटी म्हणाली. बोटांना काही कळेना. सुईनं आणि चामड्यानं ती स्वतःच चामडं होऊन गेली होती. तेव्हा ताईनं हात उलटा केला आणि मनगटाची आतली, मऊ राहिलेली बाजू तिच्या गळ्याला टेकवली.

"पुन्हा म्हण."

धाकटी पुन्हा म्हणाली. त्या मऊ कातडीखाली दोन लहानसे धक्के उमटले, एकामागून एक, कुणीतरी पातळ फळीच्या पलीकडून दोनदा टकटक करावं तसे.

"हं," ताई म्हणाली. "आलं."